मंगलताईंची अमेरिका

"देश काही करत नसतो गं. माणसं करतात. कोण माणूस, ते सांग."

हे वाक्य मंगलताई जगदाळे रोज कुणाला ना कुणाला ऐकवायच्या. वर्गात इंग्रजीत, स्टाफरूममध्ये हिंदीत आणि गाडीत मला मराठीत. रेडिओवर 'अमेरिकेने इशारा दिला' असं ऐकू आलं की त्या स्टिअरिंगवर हात आपटून रेडिओलाच विचारायच्या, "कोणी दिला? नाव सांगा की!"

आम्ही दोघी दुबईतल्या एकाच शाळेत शिकवायचो. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. मी फिजिक्सची आणि ताई अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवायच्या. राहायलाही दोघी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, एका बिल्डिंगच्या अंतरावर. त्यामुळे सकाळी त्यांच्या गाडीतून जायचं आणि दुपारी परत त्याच गाडीतून यायचं, असा आमचा बरीच वर्षं रिवाज होता. गाडी त्या चांगली चालवायच्या, पण पार्किंगमध्ये ती नेहमी तिरकी उभी असायची. बाजूच्या गाडीवाल्याला दार उघडताना पोट आत घ्यावं लागायचं.

माहेर सातारा जिल्ह्यातलं, माणदेशातलं. शिक्षण पुण्यात. लग्न झाल्यावर आखातात आल्या त्या इथल्याच झाल्या. नवरा, विलासराव, रुवैसच्या रिफायनरीत. दुबईहून रुवैस म्हणजे अबू धाबीच्याही पार पलीकडे, त्यामुळे ते आठवडाभर तिकडे आणि सुट्टीला इकडे. एकुलती एक लेक कॅनडात. आठवडाभर ताई एकट्या असायच्या, पण एकट्या आहेत असं कधी वाटायचं नाही. आवाज माणदेशी, मोकळ्या रानात हाक मारावी तसा. त्यांचा वर्ग माझ्या लॅबच्या शेजारी होता. माझी मुलं न्यूटनचे नियम लिहिता लिहिता क्यूबाच्या बंदरात बुडालेल्या जहाजाची गोष्ट ऐकत बसायची.

अमेरिकेत त्या कधी गेलेल्या नव्हत्या. खालच्या वर्गांना समाजशास्त्र शिकवत होत्या. वरच्या वर्गाचे अमेरिकन सर वर्षाच्या मध्येच राजीनामा देऊन गेले आणि प्रिन्सिपल ताईंना म्हणाले, कुणी मिळेपर्यंत सांभाळा. ते 'कुणी' कधी मिळालंच नाही. ताईंनी त्या उन्हाळ्यात गावाला जायचं रद्द केलं आणि पुस्तकांचा ढीग आणून बसल्या. पालकसभेला नवे पालक त्यांची इरकल साडी बघून जरा थबकायचे. एका बाईंनी विचारलंच, "तुम्ही शिकवता यू. एस. हिस्टरी?" ताई म्हणाल्या, "मॅडम, रोमचा इतिहास शिकवणारा रोमन असतो का?"

वर्ग सुरू करताना त्या टेबलावर थाप मारून म्हणायच्या, "यल्ला!" म्हणजे अरबीत 'चला', आणि घंटा झाली की वाक्य अर्ध्यात असलं तरी, "खलास!" अमेरिकन, लेबनीज, फिलिपिनो, मलयाळी, सगळी पोरं त्यांची नक्कल करायची. नक्कल चांगली जमली तर ताई स्वतः टाळी द्यायच्या. त्यांच्यात दोषही भरपूर होते. कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या नाहीत. आळशी मुलाला असं काही बोलायच्या की ते पोर दोन दिवस मान वर करायचं नाही. दुसऱ्यांच्या विषयांची त्यांना फारशी कदर नव्हती. मला म्हणायच्या, "तुझं बरंय. तुझ्या फिजिक्समध्ये कुणी मरत नाही."

अमेरिकेवर मात्र त्यांचं खरं प्रेम होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांच्यावर आरोप झाला तो नेमका उलटा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुधारणांची एक लाट आली होती. कारखान्यांतली तपासणी, लहान मुलांच्या मजुरीविरुद्धचे कायदे, बायकांना मत, लाचखाऊ नगरपालिकांची साफसफाई. हा धडा आला की ताई फुलून यायच्या. एका वर्षी, त्या वर्षी माझी लेकही त्यांच्या वर्गात होती, त्या अख्ख्या वर्गाला घेऊन शाळेजवळच्या हायपरमार्केटमध्ये गेल्या. मुलांना वाटलं पिकनिक. ताईंनी सगळ्यांना डब्यांच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, "एकेक डबा उचला. उलटा करा. मागे काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा."

मुलं वाचायला लागली. आत काय काय आहे, कुठे बनवलं, कधीपर्यंत खायचं.

"यातलं तेव्हा काहीही लिहिलेलं नसायचं," ताई म्हणाल्या. "डब्यात मटण आहे की आणखी काही, ते भरणाऱ्यालाच माहीत. बाळ रडतंय म्हणून आई बाटलीतलं औषध पाजायची आणि त्या औषधात अफू असायची. मग हे लिहायला कोणी लावलं?"

"गव्हर्नमेंट," एक मुलगा म्हणाला.

"गव्हर्नमेंट म्हणजे कोण? कोण माणूस?"

आणि मग तिथेच, टूना आणि कॉर्नच्या डब्यांमध्ये उभं राहून त्यांनी सांगितलं. कारखान्यात घुसून आतलं घाणेरडं सत्य छापणारे वार्ताहर, बाटल्या तपासणारे रसायनशास्त्रज्ञ, गावोगाव सभा घेणाऱ्या बायका. मांसाच्या काउंटरवरचा मलयाळी माणूस घाबरून पुढे आला. "मॅडम, कुछ प्रॉब्लेम है क्या? एक्सपायरी निकला?"

"नहीं भाई," ताई म्हणाल्या, "सब ठीक है. ठीक क्यूं है, वही बता रही हूं."

माझी लेक आता नोकरी करते. अजूनही दुकानात मी काही उचललं की म्हणते, "ममा, चेक द बॅक."

त्या दिवशी घरी येताना शेख झायेद रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. ताई म्हणाल्या, "ज्या बायका गिरणीतल्या पोरांसाठी भांडल्या ना, त्या मला माझ्या आत्याच वाटतात. काय हिंमत होती! पण अडचण एकच आहे, रश्मी. त्याच वर्षांत, त्याच सरकारच्या हुकमाने फिलिपाइन्समध्ये गावं जळत होती. वेगळी माणसं नव्हती ती. इकडे डब्यातलं मांस शुद्ध पाहिजे म्हणून जे रात्रंदिवस झगडले, त्यांतलेच कितीतरी जण म्हणत होते की ती बेटं आपण घ्यायलाच हवीत, तिथल्या लोकांच्या भल्यासाठीच. हे दोन्ही एका माणसाच्या पोटात मावतं कसं? मला मुलांना तेवढंच विचारायचंय."

मी म्हटलं, "उत्तर काय?"

"उत्तर असतं तर मी गणित नसतं का शिकवलं?"

मिकेला पुढच्या वर्षीच्या बॅचमधली. फिलिपिनो, शांत, मागच्या बाकावर बसणारी. तिची आई दुबईतल्या एका क्लिनिकमध्ये नर्स होती. त्या वर्षी ताईंनी फिलिपाइन्सचा धडा वेगळ्या तऱ्हेने घ्यायचं ठरवलं. स्पेनशी युद्ध जिंकल्यावर फिलिपाइन्स आपल्याकडे ठेवायचं की तिथल्या लोकांना स्वतंत्र राहू द्यायचं, यावर अमेरिकेच्या सिनेटमध्ये मोठा वाद झाला होता. वर्गाचंच सिनेट करायचं. अर्धी मुलं 'घ्या' म्हणणारी, अर्धी 'घेऊ नका' म्हणणारी. चिठ्ठ्या टाकल्या. मिकेलाच्या वाट्याला 'घ्या' आलं.

सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. ताईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "मिकेला, तू बदलून घे. किंवा बोलू नको. तुझ्यावर जबरदस्ती नाही."

मिकेला म्हणाली, "नो, मिस. मी हेच करते. त्यांनी हे चांगलं वाटेल असं कसं काय मांडलं, ते मला बघायचंय."

हे मला ताईंनीच सांगितलं. पण भाषणाच्या दिवशी माझा तास रिकामा होता, म्हणून मी मागे जाऊन बसले होते. मिकेला उठली. केस मागे बांधलेले, हात टेबलावर. आणि ती जे बोलली! शाळा बांधू, रस्ते बांधू, कॉलऱ्याचं पाणी स्वच्छ करू. आपण नाही घेतलं तर दुसरं कुणीतरी घेईल आणि ते आपल्याइतके दयाळू नसतील. ज्यांना अजून चालता येत नाही त्यांचा हात सोडणं हा निर्दयपणा आहे. ती एकदाही आवाज चढवून बोलली नाही. मला स्वतःला क्षणभर वाटून गेलं, बरोबर आहे की हिचं.

मतं घेतली. वर्गाने फिलिपाइन्स घेतलं, आणि मोठ्या फरकाने घेतलं.

टाळ्या झाल्या आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं. टाळ्या विझत गेल्या. मिकेला अजून उभीच होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती ताईंना म्हणाली, "इट वॉज सो ईझी, मिस."

ताई खुर्चीवरून उठल्या. तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या दिवशी घंटा झाल्यावर 'खलास' म्हणायलाही त्या विसरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं शिकवलं. त्या मतानंतर तिथे काय झालं, ते. पुस्तकात ते 'बंड' या नावाखाली अर्ध्या परिच्छेदात उरकलं होतं. ताईंनी ते पूर्ण तास सांगितलं. जाळलेली गावं, कैद्यांना बळजबरीने पाणी पाजून केलेला छळ, आणि त्या छळाविरुद्ध अमेरिकेतच ओरडून उठलेली माणसंही. त्याच वर्गात टायलर नावाचा एक अमेरिकन मुलगा होता. त्याने ते घरी जेवताना सांगितलं, आणि आठवड्याभरात त्याच्या वडिलांची तक्रार आली. ही शिक्षिका माझ्या मुलाला स्वतःच्या देशाची लाज बाळगायला शिकवते आहे.

मी त्या वर्गाची होमरूम टीचर, म्हणजे वर्गशिक्षिका, म्हणून मीटिंगला मलाही बसावं लागलं. प्रिन्सिपल टेबलामागे घाम पुसत होते. एसी अगदी जोरात होता तरी. टायलरचे वडील उंच, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेले. मला वाटलं होतं आरडाओरड होईल. पण ते शांतपणे बोलायला लागले. म्हणाले, माझा मोठा मुलगा नेव्हीत आहे. याच समुद्रात, एका जहाजावर. तो घरी यायचा तेव्हा टायलर त्याच्याकडे देवाकडे बघावं तसं बघायचा. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर टायलरने त्याला विचारलं, तुम्ही लोकांनी कुणाला असं पाणी पाजलंय का?  थोरल्याने फोन ठेवला. मॅडम, तुम्ही सांगितलेलं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या घरात आता ते टेबलावर येऊन बसलंय. त्याचं मी काय करू?

ताईंनी त्यांना मध्ये एकदाही तोडलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना कुणाचं एवढं लांब बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्या म्हणाल्या, "सर, माझे पणजोबा इंग्रजांच्या फौजेतून बसऱ्याला गेले होते. पहिल्या महायुद्धात. आमच्या घरी शिकवायचे, पणजोबा शूर होते. शाळेत शिकवायचे, ती फौज आपल्याला गुलाम करणाऱ्यांची होती. दोन्ही खरं. मी लहानपणापासून ते दोन्ही घेऊनच जेवायला बसते. त्याचं काय करायचं ते मलाही अजून कळलेलं नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मोठ्या मुलाचं नाव काय?"

"रायन."

"माझ्या वर्गात अमेरिका कधीच काही करत नाही, सर. माणसं करतात, आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव असतं. तो छळ दुसऱ्या कुणी केलेला आहे. रायनने नाही. हे मी टायलरला सांगेन. पण झालं ते झालं नाही, असं मला सांगता येणार नाही."

टायलरच्या वडिलांनी खुर्ची मागे सारली. मग उठले, हात मिळवला आणि गेले. तक्रार मात्र मागे घेतली नाही. संध्याकाळी प्रिन्सिपलांनी ताईंना बोलावून सांगितलं की यापुढे तो धडा पुस्तकाप्रमाणे, पुस्तकात आहे तेवढाच घ्यायचा. मला वाटलं, ताई आता राजीनामा तोंडावर फेकणार. त्या म्हणाल्या, "ठीक आहे."

गाडीत मीच तणतणत होते. ताई म्हणाल्या, "अगं, व्हिसा शाळेच्या हातात आहे. मी भांडले तर महिन्याभरात सामान बांधायचं, आणि या वर्गाला अर्ध्या वर्षात कोण शिकवणार? ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलंय. ते आता कुणाला परत काढून घेता येत नाही."  घरापर्यंत रेडिओ लागला नाही.

ताईंचा अभ्यासक्रम दर वर्षी मागे राहायचा. त्या वर्षीही राहिला. पहिल्या महायुद्धाचा धडा निघाला तो थेट उन्हाळ्याच्या तोंडावर, वार्षिक परीक्षेच्या आधी. आणि नेमकं त्याच आठवड्यात इथे आखातात वातावरण तापलं. विमानं रद्द व्हायला लागली. भारतातून नातेवाइकांचे फोन, सगळं ठीक आहे ना. आम्ही म्हणायचो, हो, इथे काही नाही, मॉलसुद्धा चालू आहेत. तरी टाकीत पेट्रोल आणि घरात पाण्याचे बॉक्स भरून ठेवले होते. मुलं तासाला यायची ती मोबाईल बाकाखाली धरूनच.

ताईंचा विषय होता, अमेरिका त्या युद्धात उतरली कशी. राष्ट्राध्यक्ष निवडून आले होते ते युद्धापासून देशाला लांब ठेवलं या जोरावर, आणि काही महिन्यांतच त्यांनी युद्ध मागितलं. ताई पायरी पायरीने फळ्यावर मांडत होत्या. जर्मन पाणबुड्या, बुडालेली जहाजं, एक पकडलेली तार, युरोपला दिलेली कर्जं. एवढ्यात करीम नावाचा एक मुलगा उठून म्हणाला, "मिस, कशाला एवढं? अमेरिकेला नेहमी युद्धच हवं असतं. तेव्हाही, आताही."

टायलर उभा राहिला. पुस्तक तसंच टाकून तो बाहेर निघून गेला. रायनचा फोन लागत नाही, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

ताई माझ्या दारात आल्या. "रश्मी, जरा माझ्या वर्गाकडे बघ." मी दोन्ही वर्गांच्या मध्ये दारात उभी राहिले. कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या कूलरजवळ टायलर जमिनीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. ताईंचे गुडघे दुखायचे. खाली बसणं त्यांना डॉक्टरने बंद केलं होतं. त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या, त्याच्या शेजारी. बोलणं ऐकू येत नव्हतं. तास संपेपर्यंत दोघं तिथेच होते. मग त्यानेच हात देऊन त्यांना उठवलं.

दुपारी गाडीत मी विचारलं, "काय बोललात त्याच्याशी?"

"मी कुठे बोलले? त्यानेच विचारलं. वडिलांनी सांगितलं असणार. म्हणाला, मिस, तुमचे पणजोबा बसऱ्याहून परत आले का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही आले."

मी एकदम म्हणाले, "ताई! त्या पोराला त्या वेळी असं सांगायचं?"

"मग काय खोटं सांगू? सगळे जण त्याला सकाळपासून सांगताहेत की काही होणार नाही. त्यांच्यापैकी कुणाला काय माहीत? तो रडला. मग म्हणाला, तुम्ही पहिल्या आहात ज्यांनी मला उगाच समजावलं नाही." सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागून हॉर्न वाजले. "अमेरिकेत निदान सभागृहात मत तरी घेतलं गं. आमच्या पणजोबांना कुणी विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरलेला तास बदलला. युद्धात जायचं की नाही, या मतदानाला जी माणसं प्रत्यक्ष हजर होती, त्यांतला एकेक जण प्रत्येक मुलाला दिला. करीमला दिला युद्ध हवं म्हणणारा सिनेटर. टायलरला दिली ती बाई, अमेरिकन काँग्रेसमधली तेव्हाची एकमेव बाई, जिने 'नाही' म्हणून मत दिलं.

करीम अडखळला. बुडालेल्या जहाजांवरची माणसं आपलीच होती, गप्प बसलो तर उद्या आणखी बुडतील, असं म्हणत म्हणत तो मध्येच थांबला आणि टायलरकडे बघून म्हणाला, "सॉरी, ब्रो." ताई म्हणाल्या, "सिनेटर सॉरी म्हणत नाहीत. पुढे बोल." वर्ग हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मग टायलर उभा राहिला. माझी मुलं लॅबमध्ये वाचत बसली होती आणि मी पुन्हा त्या दोन दारांमध्ये. तेव्हाच जिन्यावरून त्याचे वडील येताना दिसले. जवळजवळ पळतच. हातात मोबाईल. ते दारापर्यंत आले, आत बोलणारा आपला मुलगा त्यांनी पाहिला आणि तिथेच थांबले. ताईंनीही त्यांना पाहिलं. त्यांनी मानेने फक्त खूण केली, थांबा.

टायलर बोलत होता. मला माझ्या देशाच्या बाजूनेच उभं राहायचंय, आणि म्हणूनच माझं मत नाही असं आहे, अशा अर्थाचं काहीतरी. शब्द त्याचे होते, साधे.  भाषण काही फार मोठं नव्हतं. संपलं तेव्हा वडील आत गेले, वर्गासमोरच त्याच्या जवळ वाकले आणि म्हणाले, "रायन कॉल्ड. ही इज फाइन."

मिकेला सगळ्यांत आधी उठली. मग सगळा वर्गच. करीमने टायलरला इतकं घट्ट धरलं की दोघं बाकावरच आदळले.

जाताना वडील ताईंपाशी थांबले. म्हणाले, "मॅडम, फिलिपाइन्सबद्दल मला अजूनही तुमचं पटलेलं नाही."

"पटायला कशाला हवं?" ताई म्हणाल्या. "वाचा. इन्शाल्ला, मग भांडू."

गोष्ट इथे संपती तर किती बरं झालं असतं. पण शाळा म्हणजे काही एका बापाचं मन नव्हे. तक्रार फाइलमध्ये होतीच. पुढच्या वर्षी अकरावीचा अमेरिकन इतिहास काढून त्या जागी 'ग्लोबल स्किल्स' नावाचा विषय आला. ताईंना म्हणाले, तुम्ही तो घ्या. त्यात प्रेझेंटेशन कसं करावं, मेल कशी लिहावी, असं होतं. ताईंनी पुस्तक चाळलं आणि विलासरावांना फोन केला. "तुमच्या तिथल्या शाळेत कुठली जागा आहे का हो? कुठलाही वर्ग चालेल."

सहावीचा वर्ग मिळाला. त्या रुवैसला गेल्या. निरोपाच्या दिवशी मिकेला आणि टायलर दोघंही आले होते, सामान उतरवायला. कपाटापाशी उभ्या राहून ताई सूचना देत होत्या आणि कुणालाच वाक्य पुरं करू देत नव्हत्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको गाडीने रुवैसला गेलो. लांबच लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू, मग क्षितिजावर रिफायनरीच्या ज्वाला दिसायला लागल्या. सगळ्या वाटेवर माझ्या मनात एकच होतं, अकरावीच्या वर्गात सिनेट भरवणारी बाई आता सहावीच्या पोरांना नद्यांची नावं पाठ करायला लावत असेल. त्या खचल्या असतील. मी त्यांना काय बोलून धीर द्यायचा, याची वाक्यं जुळवत होते.

घरी विलासराव एकटेच होते. म्हणाले, "ती ना? तलावावर. बायकांची वेळ आहे आता. तुम्ही जा आत, आम्ही चहा टाकतो."

कॉलनीच्या पोहण्याच्या तलावात त्या गळ्यापर्यंत पाण्यात होत्या. अंगभर पोहण्याचा काळा पोशाख, डोक्यावर रबराची निळी टोपी. कडेचा बार दोन्ही हातांनी घट्ट पकडलेला. समोर एक तरुण मुलगी, शिकवणारी, हात पुढे करून म्हणत होती, "लेट गो, मॅम. आय हॅव यू."

"अगोदर सांग, खाली किती खोल आहे?" ताई तिला इंग्रजीत दरडावत होत्या. एवढ्यात त्यांनी मला पाहिलं. "रश्मी! आलीस? बघ काय चाललंय माझं. आमच्या माणदेशात प्यायला पाणी नव्हतं, पोहायला कुठलं! आणि इथे आल्यापासून जन्म समुद्राच्या काठाला गेला, पण घोट्याच्या वर कधी भिजले नाही. सहावीच्या पोरी हसतात मला. म्हणतात, मिस, यू आर स्केअर्ड."

मी जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी काठावर बसले.

त्यांनी बार सोडला. हात हवेत मारले, एकदा, दोनदा, आणि सरळ खाली गेल्या. निळी टोपी दिसेनाशी झाली. मी उठलेच. तोवर त्या मुलीने त्यांना वर काढलं होतं. टोपी निघून गेलेली, पांढरे केस तोंडावर चिकटलेले, नाकातोंडातून पाणी येत होतं, खोकून खोकून डोळे लाल. त्यांनी केस बाजूला केले, श्वास घेतला आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"पुन्हा!"